ग्रामोन्नती व गावची संस्था
(ज्युबिली समारंभप्रसंगी अंबड येथे केलेले भाषण)



गावाची उन्नती कोणी करावयाची, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. परमगुरू अकरावे पायस यांनी १९३१ साली ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ या विश्वपत्रात असा दंडक घालून दिला की, जे कार्य लहान संस्थेस साध्य आहे, ते मोठ्या संस्थेने आपल्याकडे ओढून घेणे अन्यायाचे होय. या तत्त्वाची प्रचीती पाहण्यास दूर जावयास नको. ती आपल्याच जिल्ह्यात ओझर येथे आलेली आहे.

दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाचे पाणी कालव्याच्या शेवटास असलेल्या ओझरच्या शिवारास पुरेसे पोहोचत नसे. धरण सरकारचे, कालवा सरकारचा, शेतकऱ्याची मात्र केवळ तक्रार, अशी स्थिती होती. तेव्हा समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये व त्यांचे सहकारी यांनी शेतकऱ्यांस एकत्र आणले, आणि १९९० नंतर लवकरच तेथे तीन पाणी वापर संस्था कामास लागल्या. संस्थेने पाटबंधारे खात्याकडून पाणी मोजून घ्यावयाचे, सभासदांत पाळ्या लावावयाच्या आणि पट्टी स्वतः वसूल करावयाची, असा क्रम पडला. ओढ्यांवर बंधारे घालून पाणी जिरविण्यात आले, त्यामुळे विहिरींस आधार मिळाला. पुढे २००५ साली राज्यात सिंचन व्यवस्थापनाचा कायदा झाला. त्यात संस्थेच्या समितीवर कालव्याच्या शीर्ष, मध्य व पुच्छ या तिन्ही भागांस सारखे प्रतिनिधित्व मिळाले, व स्त्रियांसाठीही जागा राखल्या गेल्या.

यातील मर्म ध्यानी घ्यावे. केवळ संस्था स्थापिल्याने न्याय होत नाही. गावातही वरचा शेतकरी खालच्याचे पाणी अडवू शकतो. शेवटच्या शेतास पाणी मिळते काय, हीच संस्थेची खरी कसोटी होय.

आपल्या अंबडला आज कारखान्यांची मोठी वसाहत आहे. आपल्या धर्मग्रामाच्या मंडळांसही हीच कसोटी लागू पडते. कंत्राटावर राबणारा तरुण, रात्रपाळीमुळे सभेस मुकणारा कामगार, चार घरची कामे करणारी विधवा भगिनी, यांना आपल्या मदतीचा वाटा तर मिळावाच; परंतु निर्णयाच्या वेळी त्यांचा शब्दही ऐकला जावा. सभेची वेळ त्यांच्या सोयीने ठेवणे, हिशेब सर्वांसमोर वाचणे, समितीत त्यांना जागा देणे, एवढे तर आपल्या हाती आहे.

ज्युबिलीचे वर्ष हे स्मरणाचे तसेच संकल्पाचे असते. प्रभूला प्रिय असलेल्या लहानांस आपल्या सभेत स्थान देण्याचा संकल्प आपण करू या. प्रभू आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.