जुन्या मोटारसायकलीचा क्लच

दिव्याहून शीळफाट्यामार्गें मुंब्रा बायपासचा चढ चढतांना जुनी मोटारसायकल नुसतीच गर्जते व वेग घेत नाहीं, तेव्हां क्लच घसरतो असें समजावें. मागें मालमोटारी असतां हा दोष जिवावर बेततो. तथापि श्रोत्यांनीं प्रथम क्लचवायर पाहावी. दांडीच्या टोकाशीं साधारण १० ते २० मिलिमीटर सैलपणा हवा. मोटारगाडीचें ऑइल घातलें असल्यास तेंही बदलावें. अशा कांहीं ऑइलांतील घर्षणशामक द्रव्यांनीं ऑइलांत बुडालेल्या क्लचप्लेटी घसरतात. एवढ्यानें न भागल्यासच ऑइल काढून झांकण उघडावें, स्प्रिंगांचे बोल्ट आळीपाळीनें सैल करावेत, नव्या प्लेटी ऑइलांत भिजवून मूळ क्रमानेंच बसवाव्यात. गॅस्केट नवेंच घालावें. अखेर सपाट जागीं क्लच नीट सुटतो व पकडतो, याची खात्री करूनच चढाची वाट धरावी.