सैन्यबळाचा जमाखर्च



कल्पित युद्धांचे खेळ रचणाऱ्यांच्या या संमेलनात अध्यक्षाने व्यवसायाचे गुणगान करावे हा प्रघात आज बाजूस ठेवून, पथकांच्या बलाबलाच्या काहीशा रुक्ष हिशेबाविषयीच बोलण्याची परवानगी मी मागतो. कारण आपल्या धंद्यातील बहुतेक तक्रारींचे मूळ, एका पथकाचे बळ एकाच आकड्यात नोंदता येते या समजुतीत आहे.

१९९९ साली न्यू वर्ल्ड कंप्यूटिंगने सिद्ध केलेला ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ आपणांपैकी बहुतेकांच्या हाताखालून गेलेला आहे. त्यात आक्रमकाचा आक्रमणांक प्रतिपक्षाच्या संरक्षणांकाहून जितका अधिक, तितक्या प्रत्येक अंशामागे आघात शेकडा ५ ने वाढतो, आणि जितका उणा, तितक्या प्रत्येक अंशामागे शेकडा अडीचने घटतो. आता ६० सुवर्णमुद्रांचा भालाईत आणि ५००० मुद्रांचा, वर रत्ने मागणारा, आर्केंजल हा पंखधारी देवदूत समोरासमोर उभे करा. देवदूताच्या एका घावात सरासरी अकरा भालाईत पडतात, तर एका भालाइताचा घाव २५० प्राणांच्या देवदूताला पाऊण अंशाचीही इजा करीत नाही. देवदूताच्या किमतीत ८३ भालाईत येतात. सेनापती, दैव व उत्साह वगळून, पहिला घाव देवदूताचा धरून, उलट वारांसह हिशेब केला, तर चौथ्या फेरीअखेर भालाइतांचा निःपात होतो आणि देवदूतापाशी सुमारे ३५ प्राण उरतात. मात्र ८३ चे १०० करा, की तिसऱ्या फेरीतच देवदूत कोसळतो आणि भालाइतांचा मोठा जमाव उभा राहतो! खर्च पंचमांशाने वाढला, निकाल मात्र समूळ पालटला.

यात चमत्कार नाही. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९१६ साली ग्रंथरूपाने मांडलेल्या नियमानुसार, सर्वांचे सर्वांशी एकसमयी युद्ध जुंपते तेथे सैन्याचे बळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आपल्या फेऱ्याफेऱ्यांच्या लढाईत तो नियम तंतोतंत लागू पडत नसला, तरी त्याची छाया स्पष्ट दिसते. खेळाच्या दप्तरात मात्र देवदूताचे लढाऊ मोल ८७७६ आणि भालाइताचे ८० असे नोंदलेले असल्याने, दप्तराच्या मते देवदूत सुमारे ११० भालाइतांच्या तोडीचा ठरतो. वरील हिशेबात ते काम शंभरांनी केले. आणि भालाइतांना आक्रमणात १० अंशांची भर घालणारा सेनापती दिला, तर मूळचे ८३ च दुसऱ्या फेरीत तेच काम करतात. आकडा खोटा नाही. पण तो कोणत्या सेनापतीखाली व कितीजणांच्या संगतीत खरा, हे दप्तर सांगत नाही. शिवाय चतुर खेळाडू एकच भालाईत पुढे लोटून प्रतिघात वाया घालवितो, कारण बहुतेक पथकांना फेरीत एकदाच उलट वार करता येतो. हे कोणत्या रकान्यात लिहावे?

डेव्हिड व्हाइट यांनी २००३ साली आरंभिलेल्या ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ची रीत मला अधिक सरळ वाटते. तेथे दिवसाचे सैनिक दिवसा शेकडा २५ ने बलवान आणि रात्री तितकेच दुर्बळ होतात, अरण्यातील एल्फांवर घाव लागणे कठीण होते. पण वार करण्यापूर्वी तो लागण्याची शक्यता व संभाव्य हानी खेळाडूसमोर मांडलेली असते. हरणाऱ्याला हरण्याचे कारण कळते, आणि माझ्या मते समतोलाच्या निम्म्या तक्रारी तेथेच मिटतात.

म्हणून माझी या सभेस विनंती आहे की, आपापल्या खेळांची आघातसूत्रे खेळाडूंपासून लपवू नयेत, आणि एखाद्या पथकाची किंमत बदलण्यापूर्वी ते एकटे, समूहाने, आणि बऱ्यावाईट सेनापतींखाली लढवून पाहावे.