पत्ता नव्हे, वाट

आज ईमेलबद्दल बोलू या, पण १९८०च्या दशकातल्या.

आपण पत्रावर मु. पो., ता., जि. लिहितो आणि निवांत होतो. ते कुठल्या गाडीने जाईल, ही टपाल खात्याची डोकेदुखी. यूयूसीपीच्या जाळ्यात मात्र ती पाठवणाऱ्याची होती. युनिक्सवर चालणारी यंत्रं मोडेमवरून एकमेकांना फोन लावायची, शक्यतो रात्री, दर उतरल्यावर, आणि साठलेली पत्रं पुढे सरकवायची. मध्यवर्ती कचेरी नाहीच. म्हणून वाटेतलं प्रत्येक यंत्र पत्त्यात लिहायचं, मधे उद्गारचिन्ह टाकून. 'सिस्मो!एमसीवॅक्स!अमुक' म्हणजे पत्र आधी अमेरिकेतल्या सिस्मोला द्या, ते ॲमस्टरडॅमच्या एमसीवॅक्सला देईल, तिथे अमुकरावांना मिळेल. गंमत बघा, सिस्मो हे भूकंपविज्ञानाच्या एका केंद्रातलं यंत्र, आणि ते जगाची टपालं वाहत होतं!

आता, वाट सुरू होते पाठवणाऱ्याच्या दारातून. म्हणजे एकाच माणसाचा पत्ता प्रत्येकासाठी वेगळा. मग लोक सिस्मोसारख्या प्रसिद्ध नाक्यापासून पुढचीच वाट सांगायचे. नाक्यापर्यंत तुमचे तुम्ही या.

यावर पीटर हनीमन आणि स्टीव्हन बेलोविन यांचा पाथएलियस हा प्रोग्रॅम आला. कोण कोणाला किती वेळा फोन लावतो, याच्या यादीवरून तो सगळ्यात स्वस्त वाट काढायचा. तासाला जोडणी असेल तर किंमत ५००, दिवसातून एकदा असेल तर ५०००. चोवीसपट नाही, दहापटच! कारण उशीर परवडला, पण प्रत्येक जादा टप्प्यावर पत्र अडकायची भीती. मला हा हिशेब फार शहाणा वाटतो.

खरा गोंधळ दोन जाळ्यांच्या वेशीवर. आर्पानेटवाले '@' वापरायचे. आता 'अ!ब@क' हा पत्ता कसा वाचायचा? आर्पानेटच्या नियमाने आधी 'क'कडे जा. यूयूसीपीच्या रीतीने आधी 'अ'कडे. आपापल्या घरात दोघंही बरोबर, आणि पत्र भलत्याच गावी. एरिक ऑलमनचं सेंडमेल हे पत्ते वेशीवर बदलून द्यायचं, पण त्याची नियमांची फाइल... मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखी दिसते हो!

जानेवारी १९८६ मध्ये क्रेग पार्ट्रिज यांनी आरएफसी ९७४ लिहिलं. त्यातली एमएक्स नोंद एवढंच सांगते, की या नावाची टपाल कोण स्वीकारेल. यंत्र स्वतः इंटरनेटवर नसलं तरी चालेल, दुसरं कुणीतरी त्याच्या वतीने घेईल. नाव आणि वाट वेगळी झाली ती इथे.

आपल्याकडे अर्नेटचं काम १९८६ मध्येच सुरू झालं. आयआयटी, बंगळूरची आयआयएससी आणि मुंबईची एनसीएसटी त्यात होत्या. सिस्मो सांभाळणाऱ्या रिक ॲडम्स यांनी १९८७ मध्ये यूयूनेट काढलं, आणि भारतातल्या लोकांचा पत्ता 'यूयूनेट!शक्ती!' असा सुरू होऊ लागला. शक्ती म्हणजे एनसीएसटीतलं यंत्र. पुढे 'अर्नेट डॉट इन' आलं आणि उद्गारचिन्हं गेली. आत मात्र कित्येक ठिकाणी तेच मोडेम, तोच यूयूसीपी. फक्त ते पाठवणाऱ्याला कळेनासं झालं.

भेटू पुढच्या भागात.