बसायला मिळालं, पुढे काय?

(रायपूरच्या पंडरी भागात पदवीधर तरुण-तरुणींसमोर केलेलं भाषण)



आज मी हॉटेलातल्या वाईट जेवणावर बोलणार आहे. शिष्यवृत्ती, भरती, आरक्षण असे प्रश्न असताना हा काय विषय, असं काहींना वाटेल. पण आपण बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर. पहिला पगार हातात आला की आईवडिलांना घेऊन आपण हॉटेलात जातो. आणि तिथेच कितीदा आनंदावर विरजण पडतं.

माझी फेलोशिप सुरू झाली तेव्हा कापड मार्केटमधली खरेदी आटोपून मी आईबाबांना इथेच पंडरीत एका एसी हॉटेलात नेलं. बराच वेळ ऑर्डर घ्यायला कुणी आलं नाही. आमच्यानंतर आलेल्यांची ताटं आमच्या आधी लागली. शेवटी आलेल्या पनीरला आंबूस वास होता, रोट्या गार. मी मॅनेजरला बोलवायला उठले तर बाबांनी हात धरला. म्हणाले, "राहू दे न बेटा. बसाले तं भेटलं न."

बाबा भंडारा जिल्ह्यातले. त्यांच्या लहानपणी गावच्या चहाच्या टपरीवर आपल्या लोकांची कपबशी वेगळी, बाहेर वळचणीला ठेवलेली असे. आपणच धुवायची, आपणच परत ठेवायची. चहा कसा झालाय, हे तिथे त्यांना कुणी कधी विचारलं नाही. ज्याला आत घेतलं जात नव्हतं, त्याला खुर्ची मिळणं हेच मोठं वाटतं. मी मॅनेजरला बोलावलंच. भाजी बदलून मिळाली. बाबा मात्र घरी पोचेपर्यंत अवघडलेले होते.

उशीर जातीमुळे झाला का? तसा पुरावा माझ्याकडे नाही. वेटर कमी असतील, किंवा बाबांच्या चपला पाहून आम्हाला मागे ठेवलं असेल. खरी गोम इथेच आहे. सवर्ण घरातल्या माझ्या मैत्रिणीला गार रोटी मिळते तेव्हा ती नुसती गार रोटी असते. आपल्या ताटात रोटीसोबत शंकाही वाढली जाते, आणि ती आपल्याला एकट्यालाच गिळावी लागते.

ही शंका हवेतून आलेली नाही. कुणाच्या हातचं कोण खातं, यावरून गावातली जातींची उतरंड मोजता येते, हे समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. कोल्हापुरात सुमारे शंभर वर्षांपूर्वी गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं, तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला लोक तयार नव्हते. शाहू महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घेत आणि सोबतच्यांनाही पाजत. एक कप चहा विकला जावा म्हणून राजाला रस्त्यावर थांबावं लागलं!

पुढे बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली संविधान आलं. कलम १५(२) मध्ये दुकानं आणि सार्वजनिक उपाहारगृहं यांचा उल्लेख नाव घेऊन आहे. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, हॉटेलातली भांडी वापरण्यापासून रोखणं हाही गुन्हा ठरवला. बाबांच्या त्या वेगळ्या कपबशीचा बंदोबस्त कायद्यात तेव्हाच होता; टपरीपर्यंत तो पोचला नाही.

आज वेगळी कपबशी शहरात सहसा दिसत नाही. पण 'शुद्ध'तेचा हिशेब संपलेला नाही. मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने शाकाहारी ग्राहकांसाठी वेगळा ताफा आणि त्याला हिरवा गणवेश जाहीर केला. टीका झाल्यावर दुसऱ्याच दिवशी हिरवा गणवेश मागे घेतला. वेगळा ताफा ठेवला. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडात कावड यात्रेच्या मार्गावरील खाणावळींना मालकांची नावं लावायला सांगितलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पाटीवर नाव आलं की धर्म आणि जात आलीच.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: प्रवेश हा हक्काचा अर्धा भाग आहे. उरलेला अर्धा म्हणजे साधं, नाराज गिऱ्हाईक होता येणं. पैसे मोजलेत, जेवण वाईट आहे, ते बदलून द्या, हे मान खाली न घालता म्हणता येणं.

त्यासाठी काही गोष्टी माहीत असू द्या. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला तसे निर्देश दिले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते कायम ठेवले. तो काढायला सांगा. बिल जपून ठेवा. हॉटेलवाला ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. आणि जात काढून कुणी अपमान केला, तर तो ग्राहक तक्रारीचा विषय नाही. तिथे पोलीस ठाणं आणि ॲट्रॉसिटी कायदा.

एक मात्र सांभाळा. टेबल पुसणारा पोरगा बहुधा आपल्यासारख्याच घरातून आलेला असतो. गार रोटीचा राग त्याच्यावर काढू नका. बोलायचं ते मॅनेजरशी, शांतपणे, 'तुम्ही' म्हणून. अपमान काय असतो हे आपल्याला शिकवावं लागत नाही. तो पुढे सरकवू नका.

पुढच्या वेळी आईवडिलांना घेऊन जाल तेव्हा मेनू कार्ड त्यांच्या हातात द्या. इंग्रजीत असेल तर वाचून दाखवा, किमतीसकट. काय आवडलं, काय नाही, ते त्यांना विचारा. आजवर हे त्यांना फार कमी लोकांनी विचारलंय.

जय भीम.