लोथलच्या गोदीची साक्ष



‘लोथल’ या गुजराती शब्दाचा अर्थ मृतांचे टेकाड. अहमदाबाद जिल्ह्यातील सरगवाला गावाजवळच्या या टेकाडाखाली हडप्पा संस्कृतीचे नगर आहे, हे १९५४ साली पुरातत्त्वज्ञ डॉ. एस. आर. राव यांनी ओळखले. पुढच्याच वर्षी उत्खनन सुरू झाले आणि नगराच्या पूर्वेस भाजक्या विटांनी बांधलेले एक प्रचंड कुंड उघडे झाले. लांबी सुमारे २२० मीटर, रुंदी ३७ मीटर.

ही गोदी आहे, असे राव यांनी सांगितले. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीच्या पाण्यात दहा मीटरच्या आसपास फरक पडतो. ओहोटीला उघड्या किनाऱ्यावरची नौका चिखलात रुतणार. म्हणून भरतीबरोबर नौका आत घ्यायच्या आणि पाणी कोंडून ठेवायचे. दक्षिणेकडील भिंतीत सांडवा आहे आणि त्यात लाकडी दार बसवण्याच्या खाचाही आहेत. जवळच्या कोठारात साठाहून अधिक मृण्मुद्रांकने सापडली. त्यांच्या पाठीवर दोरखंड, चटई व कापडाचे ठसे उमटलेले आहेत. बांधलेल्या गाठोड्यांवर ओली माती थापून मुद्रा उठवली जात असे. इराणच्या आखाती प्रदेशातील घडणीची एक मुद्राही येथे मिळाली. व्यापाराचा याहून बोलका पुरावा कोणता हवा?

तथापि १९६८ साली लॉरेन्स लेश्निक या अभ्यासकाने आक्षेप घेतला की, ही गोदी नसून शेतीला पाणी पुरवणारा तलाव असावा. परकीयाचा आकस म्हणून हा आक्षेप झटकून टाकणे सोपे होते. परंतु प्रश्न रास्त होता. आज आखात तेथून वीसेक किलोमीटर दूर आहे. मग नौका आल्या कुठून?

उत्तर शोधण्यासाठी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील डॉ. राजीव निगम यांनी कुंडातील गाळ सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. १९८८ साली त्यांनी निष्कर्ष मांडला. गाळात फोरॅमिनिफेरा, म्हणजे खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या अतिसूक्ष्म जीवांची कवचे होती. खारे पाणी शिरणाऱ्या तलावावर शेती कशी पिकणार? भरतीचा पूर एरवीही आत येऊ शकतो, हा संशय अर्थात उरतोच आणि काही विद्वान अजूनही गोदीचे मत मान्य करीत नाहीत. हेही सांगितले पाहिजे, कारण आपल्या पूर्वजांची थोरवी सांगताना विरोधी पुरावा झाकण्याची गरज पडू नये.

२०२४ साली आयआयटी गांधीनगरच्या संशोधकांनी उपग्रहचित्रे व जुने नकाशे यांच्या साहाय्याने साबरमतीचा एक लुप्त प्रवाह लोथलजवळून वाहत असल्याचे दाखवले. आज ती नदीही वीसेक किलोमीटर दूर सरकली आहे. नौका कोणत्या मार्गाने येत असतील, याचे बळकट उत्तर त्यातून मिळते.

पण ज्या नदीने हे बंदर पोसले, तिनेच ते बुडवलेही. पुन्हापुन्हा येणाऱ्या पुरांपासून बचावासाठी लोकांनी कच्च्या विटांचे उंच चौथरे रचून त्यांवर घरे बांधली. चौथरे खचले की पुन्हा उंचावले. राव यांच्या मते इसवी सनपूर्व १९०० च्या सुमाराच्या महापुरानंतर गोदी गाळाने भरली, मोठा व्यापार संपला. तरीही सगळे निघून गेले नाहीत. मागे राहिलेल्यांनी त्याच टेकाडावर कुडामातीच्या झोपड्या उभारल्या.