रानचोर कोण ?
(चिचगड येथील सभेंत शेतकरी व कारागीर मंडळीपुढें झालेलें भाषण)



रानांतलें सागवान चोरीस गेलें कीं पहिलें बोट आपल्याकडे वळतें. म्हणून आज आम्ही एकच गोष्ट विचारतों : या चोरीचा पैसा जातो कोणाच्या घरीं ?

झाड पाडणारा बहुधा आपलाच पोरगा. धान घरीं आलें, हाताला काम उरलें नाहीं, म्हणून तो उचल घेतो. त्याला मिळते एका रात्रीची मजुरी. परंतु तें लांकूड शहरच्या वखारींत विकावयाचें तर भांडवल हवें, मोटार हवी, वाहतुकीच्या परवान्याचा कागद हवा आणि नाक्यावर डोळे मिटणारा माणूस हवा. यांतलें कुणब्याच्या, गोंडाच्या, सुताराच्या घरीं काय आहे ? फक्त कुऱ्हाड. धाड पडली कीं तीच सांपडते. नफा तिकडे, खटला इकडे !

हें आजचें नव्हे. जंगलखात्यानें गरिबाचीं कुरणें कशीं गिळलीं, हें जोतीरावांनीं 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत १८८३ सालींच मांडलें. चिचगड ही पूर्वीं जमीनदारी. १९५१ सालीं जमीनदाऱ्या मोडल्या, रान सरकारचें झालें. नांगराच्या व घराच्या लांकडाचा निस्तार हा आपला हक्क. त्याची सवलत झाली. १९२७ च्या कायद्यानें तर बांबूलाही झाड ठरविलें, आणि बुरुडाचा धंदा दुसऱ्याच्या मर्जीवर गेला. जें आपलें नाहीं, तें राखावें तरी कोणी ?

२००६ च्या वनहक्क कायद्यानें हें फिरविलें. सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभेला रान राखण्याचा अधिकार आहे. बांबू, तेंदूपान, मोह यांवर तिची मालकी आहे. सागवान तोडण्याची मुभा मात्र त्यांत नाहीं, हें स्पष्ट सांगतों. शेजारच्या गडचिरोलींतील लेखा-मेंढा गांवानें २००९ सालीं हा हक्क मिळविला, आणि २०११ सालीं बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हातीं आले.

कोणी म्हणेल, "गुरुजी, रात्रीची मजुरी बुडाली तर खावें काय ?" दादा, साग मोठा होण्यास दोन पिढ्या लागतात, तो एकदांच विकला जातो. तेंदूपान दरसाल येतें, बांबू पुन्हां फुटतो.

म्हणून चोरट्या लांकडाची उचल कोणीं घेऊं नये. ज्या गांवाचा दावा राहिला असेल, त्यानें तो घालावा. पाळीपाळीनें राखण करावी, बायांनाही पाळींत व पंचांत घ्यावें. हिशेब भर सभेंत वाचावा. नाहींतर जुना जमीनदार जाऊन आपल्यांतलाच नवा उभा राहील.

रान राखील त्याच्याच चुलीपर्यंत रानाचा पैसा पोंचला पाहिजे. इतकेंच आमचें मागणें.