शिक्षेनंतरचा वकील



वत्सगुल्माच्या या प्राचीन नगरीत, जिल्ह्यातील वकीलमंडळींच्या संमेलनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी ऋणी आहे. वर्षभरातील निवाड्यांचा परामर्श घेण्याचा येथे प्रघात आहे आणि त्याची टिपणेही मी काढून आणली होती. परंतु पुष्कळ वर्षे मनात साचलेली एक तक्रार आज बोललो नाही, तर पुढे तसा प्रसंग येईल याची हमी माझे वय देत नाही, म्हणून ती टिपणे तशीच ठेवतो.

किमान शिक्षेने गुन्हेगारीस जरब बसते, की न्यायाधीशाचा विवेक जखडला जातो, यावर सकाळी कडाक्याचा वाद झाला. निकाल लागला की प्रकरण संपले, ही धारणा मात्र उभयपक्षी समान होती. माझी तक्रार याच धारणेविषयी आहे. १९७८ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३३-अ घालून संसदेने ठरविले की, ज्या गुन्ह्यास देहान्ताचीही शिक्षा सांगितली आहे, त्यातील जन्मठेपेचा कैदी प्रत्यक्ष चौदा वर्षे कारावास भोगल्यावाचून सुटू नये; १९८० साली मारू राम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते वैध मानले, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेत ते कलम ४७५ होऊन बसले. ही मुदत भरल्याने केवळ विचार होण्याची पात्रता येते, जन्मठेप म्हणजे उरलेले सारे आयुष्य, हे गोपाळ गोडसे यांच्या प्रकरणात १९६१ सालीच ठरून गेले आहे. तरीही निकालाच्या दिवशी कचेरीच्या आवारात रडत बसलेल्या आईला ‘चौदा वर्षांनी सुटेल, बाई’ असे बेलाशक सांगून आपण बाकी फीचा विषय काढतो.

मालेगाव तालुक्यातील एका खेड्यात धुऱ्याच्या भांडणातून खून झाला. माझ्या अशिलास जन्मठेप होऊन त्याची रवानगी अमरावतीच्या मध्यवर्ती कारागृहात झाली, आणि वकीलपत्राबरोबर माझा संबंधही सरला. काही वर्षांनी त्याचा भाऊ नामंजुरीचा कागद घेऊन आला. बाप अंथरुणाला खिळला होता, म्हणून अभिवचन रजा मागितली होती. पोलीस ठाण्याच्या अहवालात ‘फिर्यादीच्या जिवास धोका’ एवढाच शेरा होता, आणि फिर्यादी तर शेत विकून केव्हाच परगावी गेलेला! नागपूर खंडपीठाकडून रजा मिळाली, तोवर म्हाताऱ्याचे तेरावे उरकले होते. सकाळचा वाद माझ्यापुरता तेथेच मिटला आहे. शिक्षा किमान असो वा कमाल, तिचा जाच कितपत व्हावा हे त्या दोन ओळींच्या शेऱ्यावर ठरते, आणि तो खोडून काढण्यास त्या वेळी कोणीही हजर नसते. मुदतपूर्व सुटकेसाठी शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचे मत मागविले जाते, तेव्हा आसनावर बहुधा दुसरेच न्यायाधीश असतात, आणि निकालपत्रापलीकडे त्यांच्यापुढे फारसे काही येत नाही.

‘मयताच्या विधवेचे काय?’ असे एका तरुण सरकारी वकिलांनी मला विचारले. तिलाही रजेच्या आणि सुटकेच्या चौकशीत बोलवा, असे माझे उत्तर आहे. आज तिचे नाव पुढे करून शेरा मारतात, तिचा जबाब मात्र घेत नाहीत.

शिक्षेनंतरच्या अशा चौकशीत कैद्याची बाजू मांडण्याच्या कामी जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांतून काही वकील पुढे यावेत. अर्जांचे नमुने करावे लागतील, कारागृहाशी पत्रव्यवहार ठेवावा लागेल, खर्चाचेही काही पाहावे लागेल. त्याचा तपशील कार्यकारिणीने बसवावा. रिसोड आणि कारंजाच्या मित्रांनी नावे देण्याचे कबूल केले आहे, मंगरूळपीरकरांनी अजून मौन सोडलेले नाही.